जावाची मागची सीट

त्या रविवारी सकाळी डॉक्टर मनमोहन विजयकर भोईवाड्यात दीपक घाडीच्या गॅरेजवर पोचले तेव्हा त्यांची मुलगी तिथे गोणपाटावर मांडी घालून बसली होती. पुढ्यात एका जुन्या राजदूत मोटारसायकलचा कार्ब्युरेटर सुटा करून मांडलेला, आणि ती डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने त्याचा एकेक भाग घासत होती.

डॉक्टर दारातच थांबले. गेले पाच महिने जुई दर रविवारी सकाळी गिरगावातल्या घरून निघत होती. ‘हिंदमाताला मेघनाकडे जाते,’ एवढंच सांगायची. पंचवीस वर्षांच्या मुलीला जास्त विचारायचं नाही, असं देविकाबाईंनी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

“बाबा?” जुई उठून उभी राहिली. कोपरापर्यंत काळे हात तिने मागे नेले, मग कळलं की आता त्याचा काही उपयोग नाही, म्हणून पुढे घेतले.

“मेघना कशी आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“बरी आहे. मी सांगणारच होते रे.”

आतून दीपक आला. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. आठवडाभर सरकारी वर्कशॉपमध्ये फिटर आणि रविवारी चाळीच्या तळमजल्यावरच्या या खोलीत जुन्या मोटारसायकलींचा वैद्य. “या डॉक्टर, तुमची क्लच केबल आलीय. चाय सांगू?” असं म्हणता म्हणता त्याने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “गो, तू घरी सांगितलं नव्हतंस?”

“नव्हतं.”

“मग चूक केलीस,” दीपक म्हणाला. आणि प्रसंग सावरायला म्हणून, अगदी मनापासून, त्याने पुढचं वाक्य टाकलं. “पण डॉक्टर, पोरीचा हात चांगलाय हां. आणि कान त्याहून चांगला. गाडी कुठे अडकतेय ते माझ्या आधी तिला कळतं.”

डॉक्टर केबल घेऊन, चहा न पिता निघाले.

विजयकरांच्या चार पिढ्या ठाकुरद्वारच्या त्याच इमारतीत राहिल्या होत्या. प्रार्थना समाजाजवळ डॉक्टरांचा दातांचा दवाखाना, तीस वर्षं जुना. आणि इमारतीच्या आवारात, ताडपत्रीखाली, त्यांच्या वडिलांनी घेतलेली सहासष्ट सालची मरून रंगाची जावा मोटारसायकल. डॉक्टर ती दर शनिवारी पुसत. क्रोममध्ये तोंड दिसलं पाहिजे असा त्यांचा नेम. इंजिनाला मात्र त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते काम पंधरा वर्षं दीपककडे.

जुई लहान असताना गाडीच्या टाकीवर तळहात ठेवून उभी राहायची. “हात लावू नकोस, डाग पडतात,” असं ते म्हणायचे. सोळा वर्षांची झाल्यावर तिने एकदा विचारलं होतं, मला शिकवशील का. “ही शिकायची गाडी नाही,” असं त्यांनी उत्तर दिलं. त्यानंतर तिने विचारलं नाही. डॉक्टरांना वाटलं, हौस फिटली.

ती फिटली नव्हती. लोअर परळला नोकरी लागल्यावर एकदा जावाची कागदपत्रं द्यायला ती दीपककडे गेली आणि त्याने बोलता बोलता तिच्या हातात पाना दिला. “जरा पकड हे.” एवढ्यावरून सगळं सुरू झालं होतं. हे तिने त्या दुपारी जेवताना सांगितलं. दीपकचे वडील, धोंडू घाडी, गिरणीत फिटर होते, राजदूत त्यांची. दीपकने ती तिला भोईवाड्याच्या गल्लीत शिकवली होती, मग कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर, मग सकाळी लवकर माटुंग्यापर्यंत.

“मग चांगलंच झालं की,” देविकाबाई म्हणाल्या. “इतकी वर्षं घरात गाडी आहे, कोणीतरी शिकलं.”

“आणि फेब्रुवारीच्या टूरला मी येतेय,” जुई म्हणाली. “हर्षवर्धनकाकांनी नाव लिहून घेतलंय. राजदूतवर.”

डॉक्टरांच्या हातातला घास तसाच राहिला. चाळीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलींचा त्यांचा एक ग्रुप होता. दादरच्या हिंदू कॉलनीतले हर्षवर्धन राऊळ तो चालवायचे. दर फेब्रुवारीत लांबची एक सफर. यंदा सातारा, कोल्हापूर, आंबोली, मालवण आणि चिपळूणवरून परत, सहा दिवस. डॉक्टरांनी मनात ठरवलं होतं की या वर्षी जुईला रजा काढायला लावायची आणि जावाच्या मागच्या सीटवर बसवून न्यायची. तिला सांगायचं तेवढं बाकी होतं.

जुई हात धुवायला उठली तेव्हा देविकाबाई हळूच म्हणाल्या, “अहो, राग कसला आलाय तुम्हाला? ती शिकली त्याचा, की दुसऱ्या कोणाकडे शिकली त्याचा?”

“राग कुठे आलाय?” डॉक्टर म्हणाले. पुढचे चार दिवस ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत.

दवाखान्यात रोग्याच्या तोंडात आरसा धरताना त्यांना मध्येच ते वाक्य आठवायचं. माझ्या आधी तिला कळतं. हे त्यांनी म्हणायला हवं होतं. आपल्या मुलीचा कान चांगला आहे ही बातमी बापाला भोईवाड्यातल्या फिटरकडून कळावी? आणि तो म्हणालाही कसा, जसं काही ती त्याचीच. दीपकला मूलबाळ नव्हतं. हे आठवलं की डॉक्टरांना वाटायचं, बरोबर आहे, म्हणूनच. आणि आपल्याला असं वाटलं याची पुढच्याच मिनिटाला लाज वाटायची.

सफरीच्या दिवशी सकाळी सहा वाजता शिवाजी पार्कला चौदा मोटारसायकली उभ्या राहिल्या. देविकाबाई कोलंबीच्या भानोळ्याचा डबा घेऊन पोचवायला आल्या होत्या. दीपक स्वतःच्या चौऱ्याहत्तरच्या येझदीवर, आणि त्याच्या शेजारी जुई, हेल्मेटच्या पट्ट्याशी खटपट करत. डॉक्टर पुढे होणार एवढ्यात दीपकने हात घालून पट्टा सरळ केला आणि तिच्या हेल्मेटवर टिचकी मारली. “क्लच?”

“हळू सोडायचा.”

“उतारावर?”

“ॲक्सिलेटर पूर्ण बंद नाही करायचा. पेट्रोलबरोबरचं ऑइल इंजिनाला मिळत नाही.”

“आणि डोळे?”

“रस्त्यावर, काका. तुमच्यावर नाही.”

दोघं हसली. डॉक्टरांनी जावाला किक मारली. ती नेहमीसारखी पहिल्या किकला लागली नाही, तिसरीला लागली, आणि त्यांना वाटलं, सगळ्यांनी पाहिलं.

जुन्या हायवेने खंडाळ्याच्या घाटात चौदा गाड्यांची रांग चढली. वर चहाला थांबल्यावर माणसं जावाभोवती जमली. एका जोडप्याने तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. “काय ठेवलीय हो!” असं म्हणाले. अशा वेळी डॉक्टरांचं मन भरून यायचं. त्या दिवशी ते मान वर करून जुईला शोधत होते. ती रस्त्याच्या कडेला राजदूतपाशी डोळे मिटून उभी होती. दीपक हळूहळू ॲक्सिलेटर पिळत होता आणि ती ऐकत होती. मग तिने डोळे न उघडता बोट वर केलं, दीपकने मान डोलावली, आणि स्क्रू ड्रायव्हर काढून काहीतरी जरासं फिरवलं. आवाज बदलला. डॉक्टरांना तो बदलल्याचं कळलं, पण काय बदललं ते कळलं नाही.

साताऱ्याच्या अलीकडे दुपारी सगळे उसाच्या रसाला थांबले. डॉक्टर हात धुवून गुऱ्हाळाच्या मागच्या बाजूने येत होते. झाडाखाली जुई डोकं गुडघ्यात घालून बसलेली, आणि दीपक तिच्यासमोर उकिडवा, हातात पाण्याची बाटली.

“सकाळपासून खाल्लंस काय?”

“अर्धी इडली.”

“मग चक्कर नाय येणार तर काय! हे पी. मीठ-साखर घातलीय.”

ती प्यायली. जरा वेळाने डोकं वर केलं. “काका, बाबाला नका सांगू हां. उगाच घाबरेल.”

“नाय सांगत. पण उद्यापासून माझ्यासमोर बसून खायचं.”

डॉक्टर आले तसे पावलं न वाजवता मागे गेले. त्यांनी पुढे होऊन तिच्या कपाळाला हात लावायला हवा होता; बाप म्हणून, डॉक्टर म्हणून. त्याऐवजी ते गुऱ्हाळाच्या पत्र्याला टेकून उभे राहिले आणि एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. ‘बाबाला नका सांगू’ म्हणते. त्याला सांगते, मला नाही.

सफरीत कोणी कोणाच्या खोलीत राहायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. डॉक्टरांच्या वाट्याला दीपकच आला. तो पडल्या पडल्या झोपी गेला. डॉक्टर मात्र साताऱ्याच्या लॉजमध्ये छताकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोल्हापूरला, रंकाळ्याच्या काठावर, हर्षवर्धन एकटेच फेऱ्या मारताना दिसले. डॉक्टर त्यांच्या बरोबरीने चालू लागले.

“उद्या आंबोलीचा घाट,” हर्षवर्धन म्हणाले. “दीपक म्हणतोय जुईला सगळ्यात पुढे ठेवू या. सगळ्यांपेक्षा तिचा वेग सारखा राहतो म्हणे.”

“दीपक म्हणतोय?”

“का? तुमचं काय मत?”

नंतर कितीतरी दिवस डॉक्टर स्वतःला सांगत राहिले की तेव्हा त्यांना खरोखर काळजी वाटली होती. तशी ती थोडीफार होतीही. पण तोंडातून निघालं ते असं: “हर्षवर्धन, तुम्हाला म्हणून सांगतो. तिला काल चक्कर आली होती. आणि लहानपणी... आकडी आली होती तिला. मी तिचा बाप आहे, वर डॉक्टर. घाटात काही झालं तर?”

आकडी आली होती हे खरं. जुई दीड वर्षांची असताना, एकशे चार ताप चढला तेव्हा, एकदाच. पुढे कधी नाही. डॉक्टरांनी आकडी सांगितली. ताप सांगितला नाही, वय सांगितलं नाही, एकदाच हेही सांगितलं नाही.

हर्षवर्धन थबकले. “बाप रे! हे आधी सांगायचं ना.”

“तिला तो विषय आवडत नाही. आकडीचं काढूच नका. फक्त चक्कर आली असं कळलं म्हणा. आणि माझं नाव नको.”

“नाही घेत.”

सकाळी हर्षवर्धननी गाड्यांचा क्रम वाचून दाखवला. त्यात राजदूत नव्हती. ती मागून येणाऱ्या सामानाच्या टेम्पोत चढवायची होती.

“का?” जुईने विचारलं.

“परवा तुला चक्कर आली होती, असं कळलं मला. घाट आहे, बेटा. धोका नको.”

“कोणी सांगितलं?”

“तुझी काळजी असणाऱ्या माणसाने.”

जुईने हळूहळू मान वळवली आणि दीपककडे पाहिलं. दीपकने हात पसरले. “गो, मी नाय...” पण तिने तोंड फिरवलं होतं. त्या झाडाखाली तिसरं कोणी नव्हतं, अशी तिची खात्री होती.

टेम्पोत बसायला ती तयार झाली नाही. “बाबा, मी तुझ्या मागे बसते,” ती म्हणाली.

असा तो योग आला. सहासष्टची जावा, फेब्रुवारीची सकाळ, आजऱ्यापुढे दोन्ही बाजूंनी येणारी काजूची झाडं, आणि मागच्या सीटवर जुई. गेली कित्येक वर्षं डॉक्टरांनी हे चित्र मनात रंगवलं होतं. त्यात ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत असायची. प्रत्यक्षात तिने दोन्ही हात मागच्या कॅरियरला धरले होते. डॉक्टरांना पाठीवर फक्त वारा लागत होता. आंबोलीच्या उतारावर एका वळणाला त्यांनी ॲक्सिलेटर सगळा बंद केला, तेव्हा मागून एक शब्द आला. “थोडा दे.” त्यांनी दिला. मालवणपर्यंत तेवढंच बोलणं झालं.

दीपक सर्वांत पुढे होता, एकटा. प्रत्येक थांब्यावर तो जुईजवळ यायचा, आणि ती उठून दुसरीकडे जायची. डॉक्टर हे बघत होते. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन थांब्यांना त्यांना बरं वाटलं. नारळपाणी गोड लागलं. तिसऱ्या थांब्याला, कुडाळला, दीपक टेम्पोत चढून राजदूतचे दोर पुन्हा घट्ट करताना दिसला. तो टाकीवरून हात फिरवत होता, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा. डॉक्टरांनी नारळ अर्धाच टाकून दिला.

मालवणला एक दिवस मुक्काम होता. दीपकचं मूळ गाव तिथून पाच मैलांवर, पण तो गावी गेला नाही. दुपारी तो खोलीत आला आणि खाटेच्या कडेला बसला.

“डॉक्टर, एक विचारू? पोरगी माझ्याशी बोलत नाय. तिला वाटतं मी राऊळ साहेबांना सांगितलं. आईशपथ, मी तोंड उघडलं नाय. तुम्ही जरा समजवाल काय तिला? तुमचं ऐकेल.”

‘तुमचं ऐकेल.’ हे ऐकण्यासाठी डॉक्टरांचा जीव गेले काही महिने तळमळत होता. आता ते वाक्य दीपकच्याच तोंडून आलं.

“बघतो,” ते म्हणाले.

“माझी आई तिला नात म्हणते, डॉक्टर. रविवारी वाट बघत बसते. मी काय सांगू म्हातारीला?”

“बघतो म्हटलं ना,” डॉक्टर जरा जोरात म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले.

जुई किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत बसली होती. ते शेजारी जाऊन बसले. समोर किल्ला, मध्ये पाणी, येणाऱ्याजाणाऱ्या होड्या. जरा वेळाने तिने आपलं डोकं त्यांच्या खांद्याला टेकवलं. लहानपणानंतर हे पहिल्यांदाच होत होतं.

“बाबा, मी रविवारचं बंद करते.”

“का?”

“माझी गाडी थोडीच आहे ती? आणि...” ती थांबली. “बाबा, मला लहानपणी काही झालं होतं का?”

डॉक्टर तिच्याकडे वळले. “म्हणजे?”

“हर्षवर्धनकाका माझ्याकडे कसे बघतात ते पाहिलंस? जिना उतरताना हात धरायला येतात. नुसत्या चक्करीला कोणी असं करतं? दीपककाकांनी आणखी काहीतरी सांगितलं असणार. त्यांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार, मला न कळणारं. नाहीतर ते असं करणारच नाहीत, मी ओळखते त्यांना. काल घाटात तुझ्या मागे बसल्यावर मी सारखी मला तपासत होते. आता काही होतंय का, आता होतंय का.” तिने स्वतःचे हात पुढे धरून पाहिले. “खरं सांग. मी आजारी आहे का?”

किल्ल्यावरून सुटलेली एक होडी किनाऱ्याला लागली आणि माणसं उतरून गेलीसुद्धा.

“तुला काही झालेलं नाही,” ते म्हणाले. “हर्षवर्धनला मी सांगितलं.”

तिने डोकं उचललं.

“तू झाडाखाली बसली होतीस तेव्हा मी मागे होतो. ऐकलं मी. आणि वर आणखी सांगितलं. लहानपणी तुला आकडी आली होती म्हणून. दीड वर्षाची असताना तापात एकदा आली होती, तेवढीच. ते मी... मुद्दाम गाळलं.”

“पण का?”

त्यांनी काळजीचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने नुकतेच स्वतःचे हात कसे पाहिले होते ते त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

“तू त्याच्याशी हसतेस म्हणून,” डॉक्टर म्हणाले. “त्याला सांगतेस, मला नाही. त्याच्याकडे शिकलीस म्हणून. मला सहन झालं नाही गं.”

“मी तुझ्याकडेच आले होते शिकायला. पहिल्यांदा.”

“हो.”

“तू नाही म्हणालास.”

“हो.”

जुई उठली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. “दोन दिवस मी त्या माणसाला खोटारडा समजले. सगळ्यांसमोर तोंड फिरवलं त्याच्याकडून. आज जेवताना सगळे असतील. तू उभा राहून सांगायचंस. आत्ता मला सांगितलंस तसंच, शेवटचं धरून.”

“जुई, चौदा माणसं असतील.”

“माहितीये. माझ्या आकडीचं तरी एव्हाना किती जणांना माहीत झालंय?”

त्या संध्याकाळी खानावळीच्या अंगणात सुरमईची ताटं वाढलेली असताना डॉक्टर विजयकर उभे राहिले. दवाखान्यात रोग्यांना ते अगदी शांत आवाजात समजावत; तोच आवाज त्यांनी लावून पाहिला. लागला नाही. त्यांनी सांगितलं. आकडीचं, तापाचं, झाडाचं. शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी ताटाकडे पाहिलं. “मला दीपकचा हेवा वाटला. त्याने कोणाला काही सांगितलं नव्हतं.”

कोणीतरी खोकलं. हर्षवर्धन म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवला होता,” आणि सोलकढीची वाटी उगाचच सरकवली. ते बरोबरच होतं.

दीपक शांतपणे जेवला, हात धुतला. खोलीवर डॉक्टर पोचले तेव्हा तो पिशवी भरत होता.

“दीपक...”

“मी तिकडे पाटील साहेबांच्या खोलीत झोपतो,” दीपक म्हणाला. “डॉक्टर, तुमच्या गाडीचा नट मी कधी ढिला ठेवला काय हो? पंधरा वर्षांत?”

“नाही.”

“मग माझ्याबद्दल तुम्हाला असं कसं सुचलं?” दाराशी तो थांबला. “पोर माझी नाय, मला माहीत आहे. ती रविवारी बारा वाजता तुमच्याकडेच परत येते. मी कुठे अडवतो?”

परतीच्या क्रमात राजदूत पहिली होती. जुईने निघण्यापूर्वी दीपकजवळ जाऊन काहीतरी सांगितलं. त्याने तिच्या हेल्मेटवर टिचकी मारली. डॉक्टरांनी स्वतःहून शेवटची जागा मागून घेतली. चिपळूणपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी चिपळूणहून पुढे, कशेडीच्या जुन्या घाटात, वळणावळणाला त्यांना खालून वर ती दिसत राहिली. वळणाआधी गियर उतरवायची, अंग जरासं आत झुकवायची, आणि बाहेर पडताना राजदूतचा आवाज एकसारखा चढत जायचा. सुंदर चालवत होती. डॉक्टरांना अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी तीच जुनी कळ उठली. हे मी शिकवलेलं नाही. त्यांना वाटलं होतं, सगळ्यांसमोर बोलून टाकलं की ती कळ जाईल. ती तिथेच होती. फरक इतकाच की आता तिचं नाव त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी शीव ओलांडल्यावर ग्रुप पांगत गेला. हिंदमाताच्या सिग्नलला तिघंच उरली. सिग्नल सुटला तशी येझदी आणि राजदूत डावीकडे भोईवाड्याला वळल्या. जुईने आरशात पाहिलं की नाही, ते डॉक्टरांना कळलं नाही. ते परळ, लालबाग करत एकटे गिरगावात आले.

देविकाबाईंनी दार उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की मुलीचा फोन आधीच येऊन गेलाय. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. बोलणी बसली ती रात्रीच्या जेवणाआधी, आणि ती डॉक्टरांनी मुकाट ऐकून घेतली.

पुढे अडीच महिने जुई बापाशी कामापुरतं बोलली. ‘मीठ दे.’ ‘लाइट बिल आलंय.’ रविवारी मात्र ‘भोईवाड्याला जाते’ असं उघड सांगून निघायची. डॉक्टर ताडपत्री काढून जावा पुसायचे. गाडीचा क्लच सरकत होता, पण भोईवाड्यात गाडी घेऊन जायचं तोंड त्यांना नव्हतं, आणि दुसरीकडे टाकायचं मन होत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी जुई दारात चपला काढत म्हणाली, “दीपककाका विचारत होते, जावाचा क्लच अजून तसाच आहे का.”

“तसाच आहे.”

“उद्या सकाळी घेऊन ये म्हणालेत. प्लेट घासून बघू, नाहीतर नवीन टाकू.” आत जाता जाता ती म्हणाली, “जुना शर्ट घाल.”

डॉक्टर गेले. गॅरेजच्या ओट्यावर दीपकची आई, रमाबाई, लसूण सोलत बसली होती. तिने डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “ह्यो काय गो तुझो बापूस?” तिने जुईला विचारलं. जुई म्हणाली, “हो, आजी.” म्हातारी पुन्हा लसणाकडे वळली.

दीपकने नमस्कार केला. चहा सांगू का म्हणून विचारलं नाही. त्याने जुईला खूण केली आणि तिने जावाच्या इंजिनाचं डावं झाकण उघडलं. साठ वर्षांच्या त्या गाडीचा तो भाग डॉक्टर पहिल्यांदाच बघत होते. काळ्या तेलात बसलेल्या चकत्या तिने एकेक करून काढल्या आणि डिझेलच्या थाळीत टाकल्या.

“ह्या घासायच्या,” दीपक डॉक्टरांना म्हणाला. “दोन्ही बाजूंनी. घाई नको.”

त्याने गोणपाट पसरलं. डॉक्टर खाली बसले, मांडी घालायला त्रास झाला, आणि ब्रश हातात घेतला. पलीकडे जुई आणि दीपक इंजिनात डोकं घालून काहीतरी बोलत होते, मध्येच हसले. डॉक्टरांना काय विनोद झाला ते ऐकू आलं नाही. त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पहिली चकती उलटी केली आणि दुसरी बाजू घासायला घेतली.